खालची तेवीस नावं

वेनिंग सतरा वर्षांची होती आणि तिच्या मते अख्ख्या तुलुंगागुंग गावात धड लिहिलेली एकही पाटी नव्हती.

सोतोवाल्याच्या गाडीवर रंगवलेली कोंबडी स्वतःचंच सूप विकताना दात काढून हसत होती, आणि कोंबडीला दात नसतात हे त्या चित्रकाराला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. मशिदीच्या कमानीवर एका ओळीत सात रंग. वस्तीच्या तोंडाशी ‘सावकाश चालवा, मुलं खेळतात’ असा फलक, आणि त्यावर मुलांऐवजी गल्लीप्रमुखांचा काळा गॉगल घातलेला फोटो. आईबरोबर बाजारात गेली की वेनिंगचा निम्मा वेळ पाट्यांना नाकं मुरडण्यात जायचा.

“पाटी शिजवून खायची आहे का तुला?” आई म्हणायची. “तेम्पेची सोयावडी घे आणि चल.”

सरकारी व्यवसाय शाळेत मल्टिमीडिया शाखेच्या शेवटच्या वर्षाला ती होती. वर्गात पस्तीस मुलं, एकोणीस संगणक, त्यातले चौदा चालू. शिकवायला हेन्दार्तो सर. सर पूर्वी लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचे. ते सोडून पंधरा वर्षं झाली, तरी पडद्यावर वरून गुलाबाच्या पाकळ्या पाडल्याशिवाय त्यांना आजही चैन पडत नसे. परीक्षेच्या वेळापत्रकावरसुद्धा पाकळ्या पडायच्या. वेनिंगने त्यांच्याबद्दलचं मत पहिल्याच आठवड्यात बनवलं आणि मग ते बदलायची तसदी घेतली नाही.

सरांचा एक नेम मात्र पक्का होता. प्रत्येक प्रकल्प संपला की प्रत्येकाने वर्गाच्या वेबसाइटवर आपल्या पानावर ‘चिंतन’ लिहायचं. काय केलं, काय शिकलो, पुढच्या वेळी काय वेगळं करीन. चौतीस मुलं लिहायची, ‘या प्रकल्पातून मला सहकार्याचं महत्त्व कळलं.’ एकाने लिहायचं, बाकीच्यांनी उतरवायचं. सहकार्य म्हणतात ते हेच असावं.

वेनिंग मात्र खरं लिहायची. निदान तिला जे खरं वाटायचं ते.

डेंग्यूच्या पोस्टरनंतर तिने लिहिलं: ‘गटात आम्ही पाच जण होतो. डासाचं चित्र मी काढलं. बाकीच्या चौघांनी डासाचं काम केलं, म्हणजे माझ्या कानाशी गुणगुणले.’ लघुपटानंतर लिहिलं: ‘आमच्या लघुपटात एक गरीब मुलगा सापडलेलं पाकीट परत करतो. वर्गातल्या सातही गटांच्या लघुपटांत एक गरीब मुलगा सापडलेलं पाकीट परत करतो. गावात इतकी पाकिटं हरवत असतील तर पोलीस काय करतात?’ मग एका छोट्या व्यवसायासाठी वेबपान बनवायचं होतं. वेनिंगच्या वाट्याला तेम्पेचे चिप्स तळणाऱ्या बाई आल्या. त्याचं चिंतन असं: ‘बाईंना पानावर स्वतःचा, नवऱ्याचा, तिन्ही मुलांचा आणि हजयात्रेचा फोटो हवा होता. चिप्सचा फोटो कुठे लावू, असं विचारलं तर म्हणाल्या, चिप्स कुणी पाहिले नाहीत का?’

सरांनी त्याखाली शेरा मारला, ‘भाषा उत्तम. मन थोडं मोठं कर.’ शेरा गुलाबी अक्षरांत होता, त्यामुळे वेनिंगच्या दृष्टीने तो बाद झाला.

आता हे एवढं नाक वर करून चालायला अंगात काही असावं लागतं, आणि ते तिच्या अंगात होतं, हे आम्हा वस्तीतल्या लोकांनाही मान्य करावं लागेल. पोरीला डोळा होता. कुठे रिकामं सोडायचं ते तिला कळायचं. आमच्याकडे रिकामी जागा दिसली की लोक तिथे फूल काढतात.

शेवटच्या प्रकल्पाची घोषणा करायला सर उभे राहिले तेव्हा वर्ग एकदम चिडीचूप झाला, कारण सगळ्यांचं पुढचं त्यावर ठरणार होतं.

“लग्नाचं डिजिटल निमंत्रण करायचं,” सर म्हणाले. “लग्न खरं हवं. घरचे लोक खरे हवेत. खऱ्या माणसांनी पान उघडलेलं हवं. किती जणांनी उघडलं, कुठपर्यंत खाली गेले, सगळे आकडे जोडायचे. प्रकल्प दाखवायच्या शुक्रवारी सुराबाया शहरातल्या स्टुडिओतून मेलानी मॅडम येणार आहेत. एका मुलाला त्या सहा महिने काम शिकायला घेऊन जाणार. राहायची सोय त्यांचीच. आणि बाकीचे चौतीस...”

“बाजारामागचं फ्लेक्सचं दुकान!” वर्गाने एका सुरात वाक्य पुरं केलं.

सगळे हसले. वेनिंग हसली नाही. ते दुकान तिने आतून पाहिलं होतं. सुंता झालेल्या पोरांचे चेहरे फलकावरच्या राजपुत्राच्या अंगावर चिकटवायचे, निवडणुकीतल्या उमेदवारांचे काळे डाग पुसायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन नखातली शाई खरवडायची. शाखेतली दरवर्षीची मुलं तिथे जात आणि तिथलीच होऊन जात. वेनिंगला सुराबायाला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री डोळे मिटले की तिला त्या स्टुडिओच्या पांढऱ्या भिंती दिसायच्या, कसलंही चित्र नसलेल्या.

लग्न घरातच होतं. लास्त्री मावशीची मुलगी निंगरुम हिचं. मावशीने छापील पत्रिका रद्द केल्या आणि वस्तीभर सांगत सुटली, “आमच्या वेनिंगच्या हातची पत्रिका आहे, मोबाईलवर येणार!” मग एक दिवस ती कॅलेंडरचं फाडलेलं पान घेऊन आली. मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने सगळा मजकूर लिहिलेला.

“हे बघ,” मावशी बोट ठेवून सांगू लागली, “वर बिस्मिल्ला. मग नवरानवरी. मग दोन्हीकडचे आईबाप. तारीख, जागा. आणि खाली ही आपली सहनिमंत्रक मंडळी. तेवीस आहेत. क्रम इकडचा तिकडे करू नकोस हं राणी. क्रम लावायला मला आणि तुझ्या काकांना तीन संध्याकाळी लागल्या, त्यातली एक तर भांडणातच गेली.”

वेनिंगने यादी वाचली. हाजी सुपार्दी, निवृत्त. गल्लीप्रमुख. गल्लीप्रमुखांचे आधीचे गल्लीप्रमुख. असं करत करत शेवटी मिस्रान, कंसात ‘विहिरीजवळचे’.

“मावशी, हे वाचतं कोण?”

“वाचायला कशाला हवं? असायला हवं.”

“आणि मिस्रान आजोबा? ते तर भात शिजवतात.”

“म्हणून तर ते आहेत,” मावशी म्हणाली, आणि एवढ्या सोप्या गोष्टीचं आणखी काय सांगायचं असा चेहरा करून चहाचा कप धुवायला निघून गेली.

वेनिंगने पान बनवलं आणि ते खरोखर देखणं झालं. पांढरं स्वच्छ. नाजूक अक्षरं. एका कोपऱ्यात मोगऱ्याची एकच कळी, तीही अर्धी मिटलेली. खाली निंगरुमचा पाठमोरा फोटो. आणि त्याखाली ती तेवीस नावं, रांगेने उभी. तिने ती लहान केली. मग फिकी केली. मग दोन रांगांत लावली. काही केल्या तो लवाजमा तिच्या पांढऱ्या पानावर शोभेना. शेवटी एका दुपारी तिने सगळीच्या सगळी नावं काढून टाकली आणि तिथे एक ओळ लिहिली: ‘आणि आम्ही सर्व शेजारी.’ त्याच्याखाली, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत: ‘रचना: वेनिंग प्राबान्दारी.’ त्या नावावर बोट ठेवलं की तिच्या चिंतनाचं पान उघडायचं. सुराबायाच्या मॅडमनी ते वाचावं म्हणून केलेली ती सोय होती.

चिंतनात तिने त्या दिवशी हात मोकळा सोडला. ‘तेवीस नावं होती. त्यांतल्या वीस जणांनी आयुष्यात एकच पराक्रम केला आहे, तो म्हणजे माझ्या मावशीच्या शेजारी घर बांधलं. एकांचा लग्नाशी संबंध इतकाच की ते भात शिजवतात. भात शिजवणाऱ्याचं नाव पत्रिकेवर घालायचं तर पातेल्याचंही घालू. चांगली रचना म्हणजे बिनकामाचं काढून टाकणं. मी काढून टाकलं.’

मावशीच्या मोबाईलची काच तडकलेली. तिने कळी पाहिली, लेकीचा फोटो पाहिला, डोळ्याला ओढणीचं टोक लावलं आणि म्हणाली, “पाठव सगळ्यांना.” खालपर्यंत ती गेलीच नाही. यादी तिने स्वतः दिली होती, ती असणारच.

पान शनिवारी गेलं. लग्न त्याच्या पुढच्या रविवारी. सोमवारी वेनिंगने आकडे उघडले आणि तिचा विश्वास बसेना. चारशे बारा लोकांनी पान उघडलं होतं, आणि त्यांतले तीनशे एक्याण्णव अगदी तळापर्यंत गेले होते.

“निमंत्रण इतक्या खालपर्यंत कुणी वाचत नाही गं,” सर चष्मा वर करून म्हणाले. “माझ्या लग्नाचं मीसुद्धा वाचलं नव्हतं.”

“नीट केलेलं असलं तर वाचतात, सर.”

शेजारच्या बाकावरचा फहमी मान लांब करून बघत होता. फहमी हा वर्गातला सर्वांत आळशी मुलगा. तो तयार साचे घ्यायचा आणि नावं बदलायचा. एकदा तेही विसरला आणि निमंत्रणावर कुठल्याशा आधीच्याच जोडप्याची नावं राहून गेली. “गेली बाबा वेनिंग सुराबायाला,” तो म्हणाला. “आम्हाला पोरांना राजपुत्रावर चिकटवायला ठेवून.” आणि हे त्याने मनापासून म्हटलं, हे तिला तेव्हा दिसलं नाही. तिने फक्त त्याच्या पडद्यावरच्या सोनेरी वेली बघितल्या आणि तोंड फिरवलं. आणखी एक आकडा होता: तिच्या चिंतनाच्या पानावर तीनशेच्या वर माणसं येऊन गेली होती. लोकांना चांगलं लिहिलेलं कळतं तर, असं तिला वाटलं.

गुरुवारी सकाळी मावशीच्या अंगणात चटया अंथरल्या. लग्नाच्या तीन दिवस आधी रेवांग सुरू होतं, म्हणजे वस्तीतल्या बायका मिळून स्वयंपाकाला बसतात आणि पुरुष लाकडं फोडतात. त्याला कुणी बोलावत नाही आणि कुणी चुकत नाही. पन्नास नारळ सोलून ठेवले होते. कांद्याचं पोतं उघडलं होतं. पंचवीस सुऱ्या धार लावून ताटात मांडल्या होत्या.

आठ वाजले. नऊ वाजले. चटयांवर मावशी, वेनिंगची आई आणि दोन मांजरं.

मावशीचा मोबाईल मधूनमधून वाजत होता. सगळे निरोप हात जोडलेले आणि अतिशय गोड. हाजी सुपार्दींच्या बायकोचा गुडघा दुखतोय. गल्लीप्रमुखांच्या घरी अचानक पाहुणे आलेत. विहिरीजवळच्या मिस्रान आजोबांना बरं वाटत नाहीये. आमच्याकडे भांडणं होत नाहीत. आमच्याकडे गुडघे दुखतात.

“एकाच दिवशी सगळ्यांचे?” मावशी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. रविवारी सहाशे माणूस जेवायला यायचं होतं.

आईने आपला मोबाईल काढला, निमंत्रण उघडलं आणि अंगठ्याने पान सरकवत तळाशी गेली. तिथे ती थांबली. मग लेकीच्या नावावर बोट ठेवलं. वेनिंग समोरच उभी होती. आईचे डोळे ओळीवरून ओळीवर सरकताना तिला दिसत होते, आणि आई आत्ता कुठल्या शब्दावर पोचली असेल हे तिला नेमकं कळत होतं, कारण शब्द तिचेच होते.

“पातेल्याचंही घालू,” आईने हळू आवाजात वाचलं. मोबाईल बंद केला. “छान लिहितेस.”

आईने तिला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आत जाऊन आईने डबा भरला: भात, नारळाच्या दुधातली लोधो कोंबडी, वर केळीचं पान. “मिस्रान आजोबांकडे जा. बाकीची बावीस घरं मी आणि लास्त्री बघतो. तुला एकच देते, कारण तुला एक तरी जमेल की नाही, शंका आहे.”

विहिरीकडे जाताना वाटेत प्रत्येक दारात कुणी ना कुणी होतं आणि प्रत्येकाने तिला हसून विचारलं, “कुठे निघालीस गं?” हाजी सुपार्दींची बायको दुखऱ्या गुडघ्याने अंगण झाडत होती. तीनशे एक्याण्णव माणसं तळापर्यंत का गेली, ते वेनिंगला त्या वाटेवर चालता चालता कळलं. ती तिची कळी बघायला गेली नव्हती. ती आपापलं नाव शोधत गेली होती. आपलं, बापाचं, सासऱ्याचं. आणि शोधून शोधून तळाशी त्यांना एकच नाव मिळालं होतं. तिचे कान तापले. परत फिरावं आणि सरळ सुराबायाची बस धरावी, असं तिला वाटलं.

दार मिस्रान आजोबांच्या सुनेने उघडलं. सुलिस तिचं नाव, बाजारात केळी विकायची. तिने डबा पाहिला, मग वेनिंगला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“ये. चहा घेणार? की आमच्याकडचा चहा पण बिनकामाचा?”

वेनिंगने चपला काढल्या आणि ती आत गेली.

आजोबा आत पलंगावर बसले होते. आजारी दिसत नव्हते, नुसते बसले होते. आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर काचेच्या चौकटी होत्या. फोटो असतील म्हणून वेनिंगने पाहिलं, तर लग्नपत्रिकांची कापलेली पानं. प्रत्येक पान सर्वांत खालचं. सोनेरी अक्षरं, हिरवी अक्षरं, वेलबुट्ट्या, नागमोडी किनारी, सगळा तिच्या तिरस्काराचा माल एका भिंतीवर काचेत जपून ठेवलेला. एकूण एकतीस चौकटी. तिने सवयीने मोजल्या.

“लास्त्रीची भाची ना तू?” आजोबा म्हणाले. “बस. बरं झालं आलीस. एक विचारायचं होतं, लास्त्रीला कसं विचारू म्हणून बसून होतो.” त्यांनी घसा साफ केला. “त्या आधीच्या लग्नात, हाजींच्या नातीच्या, एका पातेल्यातला भात थोडा कच्चा राहिला होता. लाकूड ओलं होतं. मी तो पाहुण्यांत जाऊ दिला नाही, पण कुणीतरी बघितलं असणार. त्याच्यावरून काढलं का माझं नाव?”

सुलिस दारात उभी होती. सासऱ्याला निमंत्रण तिनेच वाचून दाखवलं होतं आणि नाव नाही हेही तिनेच सांगितलं होतं. त्या नावाखालचं चिंतन मात्र तिने वाचून दाखवलं नव्हतं, हे वेनिंगला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

“नाही आजोबा. भाताचं काही नाही.” वेनिंगने डबा पलंगाजवळ ठेवला. “तेवीसच्या तेवीस नावं राहिली. माझ्याकडून.”

“सगळ्यांची?”

“सगळ्यांची.”

“हात्तिच्या!” आजोबांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. “मी आपला चार दिवस त्या पातेल्याचाच विचार करतोय. अगं, काल बाजारात सुपार्दीचा जावई भेटला. मी म्हटलं, रविवारी ये रे बाबा. तर म्हणतो कसा, तुम्ही कोण बोलावणार, तुमचं नाव कुठंय? काय सांगू त्याला? आम्ही काय पाहुणे आहोत? आम्ही बोलावणारे. मग मी कुठल्या तोंडाने चूल पेटवायला येऊ? पाहुण्याने येऊन दुसऱ्याच्या घरी भात शिजवायचा का?”

“मी आजच घालते.”

“घाल, पण त्या भिंतीवरच्यासारखं घाल हं. मला वाचता येत नाही, पण माझं नाव ओळखू येतं. पहिल्या अक्षराची शेपटी अशी गोल येते बघ खाली.” त्यांनी हवेत बोटाने शेपटी काढून दाखवली. “सुलिस म्हणत होती, तुझी अक्षरं काड्यांसारखी आहेत. काड्यांत मी मला सापडणार नाही.”

वेनिंगने भिंतीकडे पुन्हा पाहिलं. एकतीस शेपट्या होत्या.

दुपारी तिने तेवीस नावं घातली, मावशीच्या क्रमाने, सोनेरी गोल शेपटीच्या अक्षरांत. ‘रचना’ची ओळ काढली. जुनं चिंतनही पुसलं, पण तीनशे माणसांनी वाचलेलं पुसता येत नाही, एवढं तिला कळत होतं. वरची कळी आणि खालच्या शेपट्या एकमेकांकडे ढुंकूनही बघत नव्हत्या.

शुक्रवारी सकाळी शाळेत फहमीने ते पाहिलं. “वेडी आहेस का? आधीची प्रत आहे ना तुझ्याकडे? मॅडमला ती दाखव. लग्नघरचे काय इथे येऊन बघणार आहेत?”

प्रत होती. वेनिंगने ती संगणकावर उघडून ठेवली होती, दोन्ही शेजारी शेजारी. सुराबाया एका बोटावर होतं.

मेलानी मॅडम पांढऱ्या सदऱ्यात आल्या, मागे बसल्या आणि भराभर पानं पाहू लागल्या. फार बोलत नव्हत्या. पाकळ्या पडू लागल्या की फक्त वरचा ओठ किंचित उचलायच्या. वेनिंगला तो ओठ ओळखीचा वाटला. रोज आरशात दिसायचा.

तिची पाळी आली. तिने बोट फिरवलं आणि शेपट्यांचं पान उघडलं.

“वा,” मॅडम पुढे सरकल्या. “ही कळी... वा. ही रिकामी जागा कुणी शिकवली तुला?” पान खाली सरकत गेलं. “आणि हे काय? मतदारयादी?”

वर्ग खदखदून हसला. मॅडमही हसल्या. “घरच्यांचा हट्ट असणार. होतं असं. तू फक्त हो म्हण, हे मी धरणार नाही.”

एवढी सोपी वाट कुणी कुणाला देत नाही. सरसुद्धा मागून मान हलवत होते, म्हण म्हण.

“नाही मॅडम,” वेनिंग म्हणाली. “मीच घातलं आहे. तेवढंच लोक बघतात. वर मी जे केलंय ते वाटेत लागतं म्हणून बघतात.”

मॅडमचा ओठ उचलला गेला. “मग तुला अजून बरंच शिकायचं आहे,” त्या म्हणाल्या आणि पुढचं पान मागितलं.

त्यांनी फहमीला निवडलं. याच्या डोक्यात काहीच नाही, निदान शिकवता तरी येईल, असं त्या सरांना म्हणाल्या आणि ते सगळ्या वर्गाने ऐकलं. फहमीला आनंद व्हावा की राग यावा ते कळेना. वेनिंग मुलींच्या संडासात जाऊन रडली. चांगली पंधरा मिनिटं रडली, आणि कुणाचा म्हणून नाही, सगळ्यांचा राग राग केला: मॅडमचा, मावशीचा, तेवीस माणसांचा, त्या शेपटीचा. चांगलं वागलं की बरं वाटतं म्हणतात, तसं तिला काहीही वाटलं नाही. सोमवारपासून फ्लेक्सचं दुकान होतं.

पण तोवर वस्तीतले गुडघे बरे झाले होते. गुरुवारी संध्याकाळपासूनच बायका एकेक करून अंगणात उगवल्या, काही झालंच नाही अशा. फक्त वेनिंगला कांदे दिले. तिने कांदे चिरून संपवले की दुसरी टोपली पुढे यायची आणि हाजींची बायको गोड आवाजात म्हणायची, “हे पण बिनकामाचं दिसतंय, चिरून टाक.” शनिवार संपेपर्यंत तिने जवळजवळ अख्खं पोतं चिरलं.

रविवारी सकाळी मिस्रान आजोबा चुलीशी बसले होते. माणूस बसेल एवढं पातेलं, त्यातून वाफ निघत होती. वेनिंग लाकडं घेऊन आली तेव्हा त्यांनी हात लुंगीला पुसला.

“दाखव गं ते.”

तिने मोबाईल उघडून हातात दिला. कळी आली. आजोबांच्या अंगठ्याने ती वर ढकलली. नवरीचा फोटो ढकलला, तारीख ढकलली, आईबाप ढकलले. तळाशी पोचल्यावर त्यांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत गेले. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

“हा मी,” ते म्हणाले. मग त्यांनी खालची रिकामी जागा पाहिली. “आणि तुझं कुठंय? सुलिस म्हणाली होती, तुझं होतं खाली.”

“काढलं मी.”

“का गं?” आजोबांनी तिच्याकडे काळजीने पाहिलं. “भात कच्चा राहिला होता का?”

वेनिंगने चुलीत एक लाकूड सारलं. धूर डोळ्यांत गेला.

“हो आजोबा,” ती म्हणाली. “बराच कच्चा राहिला होता.”

“होतं तसं,” आजोबा म्हणाले आणि पातेल्याचं झाकण उचलून भाताचं शीत बोटांत दाबून पाहू लागले.